वाचकांचे प्रश्न : राक्षसांच्या बँडने गाण्याची स्पर्धा जिंकली ती गोष्ट

दिवाळीला जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांचे सांगाडे गोव्यात वाड्यावाड्यावर उभे राहायला लागले की या सदराकडे मुखवट्यांचेच प्रश्न जास्त येतात, आणि यंदा चार पत्रं तर एकाच बँडबद्दल आहेत, राक्षसांचे मुखवटे घालून वाजवणारा फिनलंडचा रॉक बँड लॉर्डी. मला हा बँड मनापासून आवडतो, म्हणून उत्तरं जरा लांबलीत, समजून घ्या.

आम्ही पोरं म्हापशाजवळ दरवर्षी नरकासुर करतो. रात्री काम करताना एकाने लॉर्डीचा व्हिडिओ लावला, शिंगंबिंगं, पाठीतून पंख, एकदम भारी. पण दुसरा म्हणतो नुसत्या कॉस्च्युमवर जिंकले, म्युझिकमध्ये काही दम नाही, आणि ते एक गाणं सोडलं तर पुढे काही केलंच नाही. खरं काय?
– एक कार्यकर्ता, म्हापसा

खरं असं की तू बघितलास तो व्हिडिओ त्यांच्या गोष्टीच्या मधला आहे, सुरुवात खूप आधीची. उत्तर फिनलंडमध्ये लॅपलँड भागात रोव्हानिएमी म्हणून गाव आहे, आर्क्टिक सर्कलला अगदी लागून, तिथल्या एका मुलाने १९९२ साली एकट्यानेच हे सुरू केलं. तोच आजचा मिस्टर लॉर्डी. किस या अमेरिकन बँडचा कट्टर चाहता, आणि राक्षसांच्या सिनेमांचं वेड, दोन्ही एकत्र आलं. १९९७ साली त्यांचा पहिला अल्बम तयार झाला होता पण निघालाच नाही, तो लोकांना ऐकायला मिळाला थेट २०१२ मध्ये! पहिला प्रकाशित अल्बम, गेट हेवी, तो २००२ चा. म्हणजे सुरुवातीपासून दहा वर्षं गेली रे, दहा वर्षं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण जिंकलेली रात्र सगळ्यांना दिसते, ही दहा वर्षं कुणाला दिसत नाहीत.

आणि ते मुखवटे त्याने कुठून विकत आणलेले नाहीत. तुम्हाला माहीतच आहे की बाजारातून तोंड आणून धडावर बसवलेला नरकासुर आणि पोरांनी स्वतः मातीचा साचा करून, कागद चिकटवून, रंगवून केलेला नरकासुर यात काय फरक असतो, लांबूनच कळतो. मिस्टर लॉर्डी स्वतःचा आणि बँडमधल्या बाकीच्यांचा वेष स्वतः डिझाइन करतो, स्वतः बनवतो, आणि नवीन अल्बम आला की सगळ्यांचं रूप परत बदलतो.

आता २००६ चं बघ. युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा, त्या वर्षी ती ग्रीसमध्ये अथेन्सला होती. फिनलंड १९६१ पासून भाग घेत होता आणि एकदाही जिंकला नव्हता, सगळ्यात वरचा नंबर म्हणजे १९७३ चा सहावा, काही वर्षी तर चक्क शून्य गुण. आणि मग २० मेच्या रात्री हे पाच राक्षस हार्ड रॉक हालेलुया घेऊन उभे राहिले, आगीचे लोळ, मिस्टर लॉर्डीच्या पाठीतून उघडणारे पंख, आणि २९२ गुण मिळवून जिंकले. तोपर्यंत कुठल्याच गाण्याला तिथे एवढे गुण मिळाले नव्हते, दुसरा आलेला रशिया २४८ वर होता. परत गेल्यावर हेलसिंकीच्या बाजारचौकात सुमारे ८० हजार लोक जमले आणि सगळ्यांनी मिळून ते गाणं म्हटलं. रोव्हानिएमीतल्या मुख्य चौकाला त्यांचं नाव दिलं, पुढच्या वर्षी पोस्टाने तिकीट काढलं.

म्युझिकमध्ये दम नाही म्हणणाऱ्या तुझ्या मित्राला एक कर म्हणावं, आवाज बंद कर, व्हिडिओ बंद कर, आणि त्या गाण्याचं ध्रुवपद पेटीवर वाजवून बघ. मी बघितलंय. पहिल्यांदा ऐकणारा माणूससुद्धा दुसऱ्या वेळी बरोबर म्हणायला लागतो, आपल्याकडे आरतीला होतं तसं. मुखवटा नसता तर लोकांनी वळून बघितलं नसतं हे मान्य, पण चाल नसती तर ८० हजार लोकांनी गायलं काय असतं?

पुढे काही केलं नाही हे तर साफ चूक. २००८ मध्ये डार्क फ्लोअर्स हा भयपट काढला, अल्बम येतच राहिले. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट २०२० पासूनची. किलेक्शन नावाचा अल्बम काढला आणि कल्पना अशी की जणू हा बँड १९७० पासून वाजवतोय आणि ही त्याची जुनी निवडक गाणी. लगेच कोविड आला, दौरे बंद. तर मिस्टर लॉर्डीने काय करावं, त्या कल्पनेतल्या जुन्या वर्षांचे अल्बम खरोखर बनवायला घेतले, एक डिस्कोचा, एक ७० च्या रॉकसारखा, एक थ्रॅशच्या, म्हणजे वेगवान कडक मेटलच्या अंगाने जाणारा, असे सात, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सातही एकदम बाहेर! घरी अडकलेल्या त्या दिवसांत एवढं काम करणाऱ्या माणसाला नुसता कॉस्च्युमवाला म्हणणं मला पटत नाही. २०२३ मध्ये ते सबॅटन या स्वीडिश मेटल बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर होते, त्याच वर्षी अजून एक अल्बम.

माझा मुलगा नववीत आहे, दिवसभर हेच ऐकतो. हे सैतानाची पूजा करणारे लोक आहेत का? काळजी वाटते.
– एक आई, फोंडा

ताई, नाही. २००६ मध्ये ग्रीसमधल्या काही धार्मिक मंडळींनाही हीच शंका आली होती आणि विरोधही झाला, पण बँडने तेव्हाच स्पष्ट सांगितलं की आमचा सैतानाशी काही संबंध नाही. गाण्याच्या नावातच हालेलुया आहे बघा. आपल्या काल्याच्या लोकनाट्यात शंकासुर येतो, पेरणी जागर या लोककलेत लाकडी मुखवटे घालून नाचतात, मुलं आधी घाबरतात आणि मग पुढच्या रांगेत जाऊन बसतात, तसंच हे. एकदा त्याच्याबरोबर बसून ऐका, त्याला बरं वाटेल.

मुखवटाच आहे तर आतला माणूस बदलला तरी कुणाला कळणार? फसवणूकच की.
– मडगावहून एक बेसिस्ट

इथेच हा बँड मला मोठा वाटतो. त्यांच्यात माणूस गेला तर त्याचा मुखवटा दुसऱ्याला चढवत नाहीत. नवीन माणूस नवीन राक्षस घेऊन येतो, नवीन नाव, नवीन तोंड. किता हा ड्रमर २०१० मध्ये गेला, ओटस आला. ओटस २०१२ मध्ये वारला. पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये शेवटी त्याचाच आधी रेकॉर्ड झालेला ड्रम सोलो ठेवला, आणि ड्रमवर बसला तो माना, त्याचं रूप वेगळं. ममीच्या रूपातला गिटारिस्ट आमेन पंचवीसेक वर्षं होता, तो गेल्यावर कोने आला, ममी परत आली नाही. मूळचा एकटा मिस्टर लॉर्डीच उरलाय.

मिस्टर लॉर्डीचं खरं नाव टॉमी पुटान्सू हे लपलेलं नाही. पण चेहरा दाखवायचा नाही हे त्यांनी पाळलंय, आणि जिंकल्यानंतर तिथल्या एका साप्ताहिकाने त्याचा मुखवट्याशिवायचा फोटो छापला तेव्हा लोकच एवढे चिडले की साप्ताहिकाला माफी मागावी लागली.

आम्हाला डिचोलीत असाच मुखवटेवाला बँड काढायचाय. टिप्स द्या ना.
– चार मित्र

काढा, जरूर काढा! पण ते लोक बर्फाच्या देशातले आणि तरी रबर-फोमच्या आत घामाने निथळतात, आपल्याकडे दिवाळीच्या दमट हवेत काय होईल विचार करा. पूर्ण डोकं झाकू नका. कागदाच्या लगद्याचा अर्धा मुखवटा करा, नाकाच्या खालपर्यंतच, गाणाऱ्याचं तोंड मोकळं पाहिजे, आतून सुती कापड लावा, आणि कानाजवळ भोकं ठेवा नाहीतर ड्रमर काय वाजवतोय ते गिटारवाल्याला ऐकूच येणार नाही. गाणी आधी उघड्या तोंडाने बसवा. मग स्टेजवर जायच्या आधी एकदा अख्खा तास मुखवटा घालून मंडपात वाजवून बघा, पाणी घेऊन एक जण बाजूला उभा ठेवा. मापाचं काही अडलं तर लवकर लिहा, नरकचतुर्दशीच्या आधीचे आठ दिवस मी आमच्या वाड्यावर गवत बांधत असतो, पत्रं वाचायला होत नाही.