वाचक विचारतात : मोठ्या हॉटेलातले जेवण

लग्नाचा वाढदिवस असो की मुलाचा पहिला पगार, घरी श्रीखंड-पुरीचा बेत करण्याऐवजी एखाद्या चांगल्या हॉटेलात टेबल राखून ठेवण्याची पद्धत सांगली-मिरजेतही आता रुळली आहे. त्यामुळे या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तिथे वागायचे कसे, आणि बिल एवढे कसे झाले, हे दोन प्रश्न वारंवार दिसतात. त्यांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. मुलाचे लग्न ठरले असून व्याही पुण्याचे आहेत. त्यांनी आम्हा उभयतांना तेथील एका तारांकित हॉटेलात रात्रीच्या जेवणाचे निमंत्रण दिले आहे. कोणता काटा कधी उचलायचा, हेही आम्हाला ठाऊक नाही. आमच्यामुळे मुलाला ओशाळे व्हावे लागू नये, एवढीच इच्छा आहे.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पानाची डावी-उजवी बाजू सांभाळून वाढणाऱ्या घरातल्या माणसाला ही मांडणी अवघड वाटण्याचे कारण नाही. आपल्या ताटात चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे असते, तसे तिथे काटे डावीकडे आणि सुऱ्या व सूपचा चमचा उजवीकडे असतो. पदार्थ ज्या क्रमाने येणार, त्याच क्रमाने ही साधने बाहेरून आत लावलेली असतात; त्यामुळे प्रत्येक नव्या पदार्थाला सर्वांत बाहेरचे साधन उचलावे, एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक काम भागते. प्लेटच्या वरच्या अंगाला आडवा ठेवलेला लहान चमचा किंवा काटा शेवटच्या गोड पदार्थासाठी असतो. डाव्या हाताची छोटी बशी पावासाठी आपली आणि उजव्या हाताचा पेला आपला, हेही ध्यानात असू द्यावे, कारण गोल टेबलावर शेजाऱ्याचा पाव उचलण्याचा प्रकार सराईत मंडळींकडूनही घडतो.

नॅपकिन बसल्याबरोबर मांडीवर घ्यावा. गळ्यात खोचू नये. मध्येच उठावे लागले तर तो खुर्चीवर ठेवावा आणि जेवण आटोपल्यावर काटेकोर घडी न घालता प्लेटच्या डाव्या बाजूला सैलसर ठेवावा. त्याहून महत्त्वाची खूण काटा-सुरीची आहे. प्लेट उचलायची की नाही, हे चांगल्या हॉटेलातला वेटर बहुधा विचारत नाही, तो प्लेटमधल्या काटा-सुरीकडे पाहतो. दोन्हींची टोके वर जवळ आणि मुठी खाली लांब, अशी ती तिरकी टेकवलेली असतील तर पाहुणा अजून जेवतो आहे; दोन्ही शेजारी-शेजारी समांतर ठेवली असतील तर त्याचे झाले आहे. गप्पांच्या नादात काटा-सुरी एकत्र ठेवल्यामुळे अर्धवट खाल्लेला मासा समोरून निघून गेल्याच्या तक्रारी येतात, त्यांत वेटरचा दोष क्वचितच असतो.

सूपचा चमचा आपल्यापासून पलीकडे नेत भरावा आणि सूप चमच्याच्या कडेने आवाज न करता घ्यावे. घरी आमटीचा भुरका मारला तर करणारीला बरे वाटते, तिथे तो टाळलेला बरा. सर्वांच्या पुढे पदार्थ आल्याखेरीज सुरुवात करू नये, ही रीत आपल्या पंगतीला नवी नाही. मेनू हातात आल्यावर सर्वांत महाग पदार्थ मागवणे जितके अप्रशस्त, तितकेच संकोचाने नुसत्या सूपवर थांबणेही यजमानांना अवघडून टाकणारे असते. 'आपण काय मागवता आहात?' असे विचारावे म्हणजे त्यांचा अंदाज कळतो. परक्या नावाचा पदार्थ कळला नाही, तर त्यात काय आहे आणि तो कितपत तिखट आहे, हे वेटरला खुशाल विचारावे. ते सांगणे त्याचे कामच आहे, आणि नावे वाचून गप्प बसणारे पाहुणे त्याने रोज पाहिलेले असतात. एखादा काटा चुकीचा उचलला गेला तर बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. वेटरला 'अरे ए' अशी हाक मारली, तर मात्र सारे टेबल ऐकते.

प्रश्न : रोटी किंवा भाकरी काट्या-सुरीने खावी काय? हाताने खाल्ले की गावंढळ दिसते, असे आमच्या कन्येचे म्हणणे आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : कन्येचे म्हणणे मान्य करू नये. रोटी, नान, भाकरी हे हाताने तोडायचेच पदार्थ आहेत आणि ते सुरीने कापत बसणारा माणूसच उलट अवघडलेला दिसतो. पाश्चात्त्य रीतीतही जेवणासोबतचा पाव हाताने तोडूनच खातात. बोटे पेरांपलीकडे भरू नयेत आणि वाढण्याच्या चमच्याला खरकटा हात लावू नये, एवढे पथ्य पुरे. शेवटी कोमट पाण्यात लिंबाची चकती घातलेली वाटी येते, ती बोटे बुडवून पुसण्यासाठी असते, पिण्यासाठी नाही.

प्रश्न : आम्ही चौघे एका मोठ्या हॉटेलात जेवलो. पदार्थांचे ४,००० रुपये झाले होते, पण बिल ४,६२० रुपयांचे आले. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता. विचारणा केली तेव्हा 'आमच्याकडे हा नियमच आहे' असे उत्तर मिळाले. पाण्याची बाटलीही छापील किमतीपेक्षा महाग लावली होती. हे कायदेशीर आहे काय?
— एक वाचक, विटा

उत्तर : आपल्या पत्रातले दोन मुद्दे निरनिराळे आहेत आणि त्यांची उत्तरेही परस्परविरुद्ध आहेत.

आधी आकडेमोड पाहू. ४,००० रुपयांवर १० टक्के म्हणजे ४०० रुपये सर्व्हिस चार्ज लागला. मग ४,४०० रुपयांच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी म्हणजे २२० रुपये लागले, आणि एकूण ४,६२० झाले. सर्व्हिस चार्ज नसता तर कर २०० रुपये आणि बिल ४,२०० रुपये झाले असते. म्हणजे आपल्याला ४०० नव्हे, ४२० रुपयांची चाट बसली, कारण सरकारी कर त्या चार्जवरही आकारला गेला. सर्व्हिस चार्ज हा कर नाही आणि तो सरकारकडे जात नाही. जीएसटीच्या ओळींशेजारी तो अशा बेमालूमपणे छापलेला असतो की पुष्कळ ग्राहक त्यालाही कर समजून मुकाट्याने भरतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणत्याही हॉटेलाला किंवा उपाहारगृहाला बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावता येत नाही, दुसऱ्या नावाने तो वसूल करता येत नाही, आणि तो न दिल्यास प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ही तत्त्वे वैध ठरवली. त्या निकालावर संघटनांनी अपील केले आहे. तेव्हा 'आमचा नियम आहे' या उत्तरावर थांबू नये. पैसे देण्यापूर्वी व्यवस्थापकाला बोलावून शांतपणे ती रक्कम वजा करून नवे बिल मागावे. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होते. नकार मिळालाच तर बिल जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते आणि सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही. चारशे रुपयांसाठी इतका खटाटोप कशाला, असे म्हणणारे भेटतील. पण हे चारशे रुपये त्या हॉटेलात रोज प्रत्येक टेबलावरून गोळा होत असतात.

वेटरचे मन राखायचे असेल तर टीप स्वतंत्रपणे त्याच्या हाती द्यावी. बिलाच्या पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान टीप ठेवण्याचा रिवाज आहे, सक्ती कसलीच नाही. सर्व्हिस चार्ज दिला असेल तर वर टीप देण्याचे काहीही कारण नाही.

जीएसटीबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. सर्वसाधारण उपाहारगृहाचा दर ५ टक्के असून बिलात तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दोन ओळींत दिसतो. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपेक्षा अधिक आकारले जाते, अशा तारांकित हॉटेलातल्या उपाहारगृहात तो १८ टक्के असतो. पुण्या-मुंबईच्या बिलाने डोळे पांढरे होतात, ते पुष्कळदा यामुळे. उलट, कंपोझिशन या लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेखालील हॉटेलचालकाला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही आणि तसे त्याने बिलावर लिहिणे बंधनकारक आहे. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून ती ओळ वेगळी असते. याखेरीज बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे की नाही, हेही एकदा पाहावे. १ जानेवारी २०२२ पासून तो असणे सक्तीचे आहे.

आता पाण्याची बाटली. इथे कायदा हॉटेलाच्या बाजूने आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की हॉटेलात बाटली देणे ही दुकानातली विक्री नसून जागा, टेबल, पेला आणि माणूस यांसह दिलेली सेवा आहे, त्यामुळे छापील किमतीचे बंधन तिथे लागू होत नाही. निकाल पटो वा न पटो, उपाय सोपा आहे. बसल्याबसल्या वेटर बाटलीचे झाकण फिरवू लागतो, तेव्हाच 'साधे पाणी आणा' असे सांगावे.

प्रश्न : सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त जावईबापूंनी एका मोठ्या हॉटेलात सर्वांना नेण्याचे ठरवले आहे. सासूबाई चातुर्मास पाळतात. कंदमुळे वर्ज्य आणि सूर्यास्तापूर्वी भोजन. मेनूवर 'जैन' असे लिहिलेले पदार्थ निःशंकपणे घ्यावेत काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : प्रथम वेळेचा विचार करावा. अशा बहुतेक हॉटेलांची स्वयंपाकघरे दुपारी तीन-साडेतीनला बंद होऊन सायंकाळी सातच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. आपल्याकडे सूर्यास्त जुलैत सात वाजून गेल्यावर होत असला तरी कार्तिकात तो सहाच्या आसपास येतो. रात्रीच्या टेबलाचा आग्रह सोडून दुपारचे जेवण ठरवावे, हेच उत्तम.

मेनूतला 'जैन' हा शिक्का प्रत्येक हॉटेलात निराळ्या अर्थाने वापरला जातो. कुठे त्याचा अर्थ कांदा-लसूण-बटाटा नाही एवढाच असतो, आणि आले मात्र बिनदिक्कत पडते. सुंठ आणि वाळवलेली हळद बहुतेक घरांत चालते, ओले आले चालत नाही, हा भेद सांगलीबाहेरच्या आचाऱ्याला मुद्दाम सांगावा लागतो. शिवाय पंजाबी भाज्यांचे रस्से सकाळीच मोठ्या पातेल्यांत करून ठेवलेले असतात. लाल रश्शात कांदा असतोच, पण काजूच्या पांढऱ्या रश्शातही तो पुष्कळदा शिजवून वाटलेला असतो. ऐन वेळी 'कांदा घालू नका' असे सांगण्याचा म्हणूनच फारसा उपयोग नाही. आदल्या दिवशी फोन करून शेफशीच बोलावे आणि सासूबाईंपुरते दोन-तीन पदार्थ स्वतंत्र करून मागावेत.

परदेशी पदार्थांबाबत अधिक सावध राहावे. मूळ इटालियन पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट हे दूध साकळवणारे द्रव्य वापरून केलेले असते. पन्ना कोट्टासारख्या थरथरत्या गोडात जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. तिरामिसू या इटालियन गोडात अंड्याचा बलक आणि पुष्कळदा मद्यही असते. वूस्टरशायर सॉसच्या पारंपरिक कृतीत अँचोव्ही ही मासळी असते, थाई करीच्या वाटणात सुकी कोळंबी किंवा माशांचे पाणी असते, आणि सॅलडवरच्या ड्रेसिंगमध्ये मध असू शकतो. जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासूनचे अगार-अगार आणि रेनेटऐवजी सूक्ष्मजीवांपासून केलेले द्रव्य वापरणारी स्वयंपाकघरे आपल्याकडे भरपूर आहेत, पण ते विचारल्याशिवाय कळत नाही. मेनूतले हिरवे चिन्ह मांस-मासे-अंडे नाही एवढेच सांगते. बटाट्यालाही तेच चिन्ह मिळते.

माझे मत विचाराल तर मिश्र स्वयंपाकघराच्या नामांकित हॉटेलापेक्षा संपूर्ण शाकाहारी, भले थोडे कमी झगमगीत, हॉटेल निवडावे. तळणीचे तेल आणि तवा वेगळा आहे की नाही, या शंकेने सासूबाई घास चिवडत बसल्या, तर जावईबापूंचा खर्च कुणाच्याच अंगी लागणार नाही.

प्रश्न : आम्ही द्राक्षबागायतदार आहोत. हॉटेलात वाईन मागवली की वेटर पेल्यात घोटभर ओतून आपल्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. तेव्हा नेमके काय करायचे असते?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बाटली खराब झालेली नाही, एवढेच तपासायचे असते. प्रथम तो लेबल दाखवतो, तेव्हा आपण मागवलेलीच वाईन आहे हे पाहून घ्यावे. मग पेला हलवून वास घ्यावा. ओलसर पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच बिघडले आहे असे समजून बाटली बदलून मागावी. चव आवडली नाही म्हणून चांगली बाटली परत करता येत नाही. वास ठीक असेल तर मान डोलवावी, तो इतरांच्या पेल्यांत ओतू लागतो. घरातल्या मुलांना सोबत नेत असाल तर महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

प्रश्न : उरलेले अन्न बांधून मागणे मोठ्या हॉटेलात कमीपणाचे समजले जाते काय?
— एक वाचक, पलूस

उत्तर : मुळीच नाही. पैसे दिलेले अन्न आपलेच आहे आणि वेटरला सांगितले की तो ते डब्यात भरून आणतो. बुफेला मात्र ही सोय नसते. तिथली किंमत बसून खाण्याची असते. शिजवलेले अन्न, विशेषतः कोंबडी, मासळी, भात आणि मलईचे पदार्थ, साध्या हवेत दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत. पुण्यात जेवून सांगलीला परतायचे असेल तर वाटेत चार-पाच तास मोडतात, तेव्हा रोट्या आणि कोरडी मिठाई तेवढी बरोबर घ्यावी आणि बाकीचे मागवतानाच बेताने मागवावे.