एमडी (भूलशास्त्र) नंतर लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेतील भूल शिकण्यासाठी फेलोशिप करावी का, आणि संस्था कशी निवडावी?

आपण एमडीच्या शेवटच्या वर्षाला आहात, मोठ्यांच्या बायपासच्या केसेस पाहिल्या आहेत, आणि आता तीन वर्षांचे डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) करावे की एक वर्षाची फेलोशिप (रुग्णालयात काम करत घेतलेले प्रशिक्षण), शिवाय संस्था निवडताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मी एमडीनंतर दोन वर्षे मोठ्यांच्या हृदयशस्त्रक्रियांमध्ये काम केले आणि मग ही फेलोशिप केली, त्या अनुभवावरून उत्तर लिहीत आहे.

पदवीचा प्रश्न आधी घेते, कारण तो लवकर सुटतो. वैद्यकीय महाविद्यालयात या शाखेचे अध्यापन करायचे असेल तर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन कार्डियाक ॲनेस्थेशियाचे (हृदयशस्त्रक्रियेतील भुलेचे) डीएम किंवा त्याच पातळीचे डीआरएनबी करावे. प्रत्यक्ष काम शिकणे हा मुख्य हेतू असेल, तर बालहृदयशस्त्रक्रिया नियमित होणाऱ्या रुग्णालयातील एक वर्षाची फेलोशिप पुरेशी पायाभरणी करते. डीएम झालेले माझे काही सहकारीही नंतर वर्षभर केवळ लहान मुलांच्या केसेससाठी अशा ठिकाणी गेले, आणि तो निर्णय मला योग्यच वाटतो.

मोठ्यांच्या केसेसमधून आलेल्याला सर्वांत जड जाते ते प्राणवायूचे गणित. डावे हृदय अविकसित असलेल्या नवजात बाळात एकच व्हेंट्रिकल (हृदयाचा रक्त ढकलणारा कप्पा) फुफ्फुसांना आणि शरीराला रक्त पुरवते, त्यामुळे एकीकडे वाढलेला प्रवाह दुसरीकडून कमी होतो. फेलोशिपच्या दुसऱ्या महिन्यात अशाच एका बाळाचे सॅच्युरेशन (रक्तातील प्राणवायूचे प्रमाण) मॉनिटरवर ७८ टक्के दिसल्यावर मी सवयीने ऑक्सिजन वाढवला. आकडा नव्वदीपार गेला आणि मला हायसे वाटले; परंतु प्राणवायूमुळे फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या सैलावल्या होत्या, रक्त तिकडे ओढले जात होते, रक्तदाब उतरत होता आणि पुढच्या तपासणीत लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्त कमी पडल्याची खूण, चढलेले होते. मला शिकवणाऱ्या वरिष्ठ मॅडमनी काही न बोलता ऑक्सिजन २१ टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेइतका, आणला, श्वासांची गती थोडी कमी केली, आणि सॅच्युरेशन पुन्हा ऐंशीच्या आसपास आल्यावर रक्तदाब सावरला. त्या बाळासाठी ७५ ते ८५ हाच योग्य पल्ला होता, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पण हात अजून जुन्याच सवयीने चालत होता. ही सवय मोडायला वर्षभर रोज तेच काम करावे लागते, आणि माझ्या मते फेलोशिपचे खरे प्रयोजन हेच आहे.

आमच्याकडे एक नियम होता. उद्याच्या प्रत्येक केसचे हृदय आदल्या संध्याकाळी कागदावर स्वतःच्या हाताने काढायचे, प्रत्येक कप्प्यात सॅच्युरेशन आणि दाब लिहायचे, रक्त कोणत्या वाटेने कुठे जाते ते बाणांनी दाखवायचे, आणि भूल दिल्यावर त्यांतील कोणता बाण जाड होईल व कोणता बारीक, ते मॅडमना सांगायचे. चित्र नसेल तर त्या केसला हात लावायचा नाही. टेट्रालॉजी ऑफ फॅलो (फुफ्फुसांकडची वाट अरुंद असलेला जन्मजात हृदयदोष) असलेल्या मुलाला निळेपणाचा झटका आला की गुडघे छातीशी दाबणे, सलाईन देणे, रक्तवाहिन्या आकसवणारे फेनिलएफ्रिन देणे हे सारे क्रमाने आठवत बसावे लागत नाही, कारण शरीराकडचा विरोध वाढवून रक्त फुफ्फुसांकडे वळवायचे आहे, हे त्या चित्रात आधीच दिसलेले असते.

बाकीचे कौशल्य हातांचे आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम २५० मिलिलिटर रक्त असते, म्हणून नमुन्यासाठी काढलेला प्रत्येक मिलिलिटर मोजावा लागतो आणि पंपाच्या, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या, नळ्या भरायला किती रक्त लागेल हे ते यंत्र चालवणाऱ्या परफ्युजनिस्टबरोबर आधीच ठरवावे लागते. उजवीकडचे रक्त डावीकडे जात असेल तर सलाईनच्या नळीतील लहानसा बुडबुडाही मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. मी आजही प्रत्येक जोडणीवर टिचकी मारून बुडबुडे काढते, आणि हे काम दुसऱ्यावर सोपवत नाही.

एका गोष्टीकडे नवे डॉक्टर पुरेसे लक्ष देत नाहीत, म्हणून ती मुद्दाम लिहिते. हृदयदोषामुळे प्राणवायू कमी पडून निळ्या दिसणाऱ्या मुलाचे रक्त दाट असते. हिमोग्लोबिन १८-२० असलेले मूल उपाशी राहून कोरडे पडले, तर रक्ताची गुठळी होण्याचा आणि निळेपणाचा झटका येण्याचा धोका वाढतो. गावाकडून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेतून आलेली आई मात्र 'उपाशी ठेवा' हे शब्द ऐकून भीतीने रात्रीपासून पाण्याचा थेंबही देत नाही. अंगावरचे दूध चार तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हे तिला तिच्या बोलीत, घड्याळातील वेळ सांगून समजवावे लागते. केस पुढे ढकलली गेली तर पुन्हा वॉर्डात जाऊन नवी वेळ सांगावी लागते. हे काम फेलोचेच आहे.

आता संस्थेविषयी. नावाला भुलू नये. शक्य असेल तर दोन दिवस तिथे राहून सध्याच्या फेलोला एकट्याने भेटावे आणि मागच्या महिन्यात पाच किलोंखालील किती बाळांना त्याने स्वतः श्वासाची नळी घातली, किती जणांची आर्टरी लाइन (धमनीतील नळी) आणि गळ्यातील लाइन (मानेच्या शिरेतील नळी) स्वतः टाकली, हे विचारावे. 'पाहिल्या' आणि 'केल्या' यांत तो फरक करतो का, याकडे लक्ष द्यावे. अन्ननलिकेतून केली जाणारी एको (हृदयाची सोनोग्राफी) त्याच्या हाती देतात का, कॅथ लॅबमधील (रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयाची तपासणी व उपचार होतात तिथली) आणि एमआरआयमधील भूल त्याला मिळते का, आणि रात्री अतिदक्षता विभागात त्याला थांबावे लागते का, हेही विचारावे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री हृदयाचा जोर अनेकदा आणखी घटतो. सकाळी आपण भूल दिलेले बाळ पहाटे कसे आहे, हे जिथे फेलोला पाहायला मिळत नाही, तिथे विद्यावेतन दुप्पट असले तरी मी जाणार नाही.