हमी दहा वर्षांची, मुदत मात्र दोनच वर्षांची

‘फाटकापासून पोर्चपर्यंत रेझिनचा, म्हणजे चिकट रसायनात बारीक खडी बसवलेला, ड्राइव्हवे करून घेतला, त्याला २७ महिने झाले. पाचव्या महिन्यात भेग दिसली, आता खडेही सुटतात. हमीपत्र दहा वर्षांचं आहे. ठेकेदार प्रत्येक वेळी “बघतो” म्हणतो. तर घाई करावी का?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे. रेझिनच्या जागी वॉटरप्रूफिंग, फरशी किंवा रंगकाम घातलं की हाच प्रश्न माझ्याकडे वर्षभर येत असतो.

घाई करा. खरं तर ती वर्षापूर्वीच करायला हवी होती.

काम चांगलं की वाईट हे नंतर पाहू, आधी तारीख. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९च्या कलम ६९नुसार दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. हमीपत्रातली दहा वर्षं ही ठेकेदाराची जबाबदारी किती काळ राहील ते सांगतात. दोष दिसल्यावर ग्राहक आयोगाकडे किती दिवसांत जायचं, हे ती सांगत नाहीत. भेगेचा पहिला फोटो तुम्ही ठेकेदाराला २२ महिन्यांपूर्वी पाठवलात, म्हणजे माझ्या हिशेबाने हातात दोन महिने उरले. तोच फोटो तुमचा पुरावा आहे आणि तीच तुमच्याविरुद्ध जाणारी तारीखही आहे.

समोरचे वकील मुदत काम संपल्याच्या दिवसापासून मोजायला सांगतील. तसं मोजलं तर ती संपलेलीच आहे. हमीच्या काळात दुरुस्ती नाकारली की दाव्याचं कारण पुन्हा घडतं, असा युक्तिवाद करता येतो. तो टिकेलच याची खात्री मी देणार नाही. म्हणून तक्रारीसोबतच विलंब माफीचा अर्ज जोडा, कलम ६९मध्येच त्याची सोय आहे. मात्र ‘त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला’ हे एकच वाक्य आयोगाला पुरेसं वाटेल असं धरून चालू नका.

आणि ठेकेदाराचे ते चाळीस मेसेज! ‘पावसाळा संपू द्या’, ‘माणूस गावाला गेलाय’, ‘सोमवारी नक्की’. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही ती थांबत नाही. मुदतीच्या आत ठेकेदाराने स्वतःच्या सहीनिशी जबाबदारी मान्य केली असेल, तर गोष्ट वेगळी ठरू शकते. तुम्ही पाठवलेल्या कागदांत तसं काही नाही, फक्त अंगठे आणि हात जोडल्याची चिन्हं आहेत.

आता हमीपत्रातलं ते वाक्य: ‘योग्य देखभाल न केल्यास हमी रद्द.’ देखभाल म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नाही. अशा संदिग्ध अटीचा अर्थ साधारणपणे ती लिहिणाऱ्याच्या विरोधात लावला जातो, म्हणून तिची मला फार भीती नाही. पण तुम्ही स्वतःच सांगता की शेवाळ काढायला प्रेशर वॉशरचा नोझल अगदी जवळ धरून फवारला, आणि गाडी जागेवर उभी असतानाच स्टिअरिंग पूर्ण वळवायची सवय आहे. या दोन्हींनी खडे सुटतात. उलटतपासणीत हे विचारलं जाईल. खोटं बोलू नका, पण तक्रारीत प्रत्येक दोष वेगळा मांडा.

भेग खालच्या काँक्रीटच्या सांध्याच्या रेषेतच वर आली असेल, तर दोष पायाचा असण्याची शक्यता मोठी. मग कोटेशन काढून पाहा: ‘आहे त्या कोब्यावर’ असं लिहिलंय की पाया करून देण्याचं? पृष्ठभाग पिवळा पडला असेल तर अतिनील किरणांना न टिकणारं स्वस्त रेझिन वापरलं असावं; वॉशरने रंग असा बदलत नाही. खडी ओली असताना काम झालं असेल तर पॉलियुरेथेन (रेझिनचाच एक प्रकार) फेसाळतं आणि पांढुरकं दिसतं. शिवाय काम खडी रेझिनमध्ये कालवून थापण्याचं होतं, की रेझिन पसरून वर खडी भुरभुरवण्याचं? दुसऱ्या पद्धतीत थोडे खडे सुटतातच, आणि तुम्ही पैसे पहिल्या पद्धतीचे दिले असतील तर तुमचं प्रकरण एकदम भक्कम होतं. हे तुम्हाला किंवा मला वाटून उपयोग नाही; स्थापत्य अभियंत्याकडून लेखी पाहणी अहवाल घ्या. जाडीही मोजायला सांगा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की दुसऱ्या माणसाकडून पुढच्या आठवड्यात सगळं उखडून नवीन करून घेणार आहात. कृपा करून थांबा. पुरावा तुमच्या अंगणात पडलाय आणि तुम्ही तो ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवायला निघालात.

निकाल कधी, तर कायदा म्हणतो विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, तेही ‘प्रयत्न करावा’ या शब्दांत. त्या शब्दांवर मी बऱ्याच तारखा काढल्या आहेत, तुम्हालाही काढाव्या लागतील.

अहवाल पंधरा दिवसांत आला नाही तर त्याची वाट न पाहता तक्रार दाखल करा. जिल्हा आयोगाला विनंती करून तो नंतर जोडता येईल. हुकलेली तारीख जोडता येत नाही.