हौसेनं लाकूड कातते. सगळे म्हणतात, विक. विकू का? किंमत कशी लावू?

तुमचं "सगळे म्हणतात" वाचलं आणि राहवलं नाही. माझ्याकडे हे "सगळे" म्हणजे एकटा माझा दादा.

कातलेला वाडगा हातात घेतला की त्याचं ठरलेलं: लाकूड फुकटचं, लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) घरचा, मग विकायला काय होतं? शेवटी त्यानंच ऑर्डर आणली. कुठल्याशा ऑफिसात भेट द्यायला 24 वाडगे, सगळे सारखे, दोन महिन्यांत. मी हो म्हटलं. ही चूक माझी, त्याची नाही.

ओल्या लाकडाचं तुम्हाला सांगायला नको. 20 सेंटीमीटरचा वाडगा असेल तर पहिल्यांदा कातताना भिंत 2 सेंटीमीटर जाड ठेवायची, मेण फासायचं आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत काही महिने त्याच्याकडे बघायचं नाही. वाढीच्या वर्तुळांना धरून लाकूड जेवढं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून गोलाचा लंबगोल होतो, आणि मग पुन्हा लेथवर चढवून गोल काढावा लागतो. असे वाळून तयार माझ्याकडे 9 होते. बाकीचे 15 जेमतेम 5 आठवड्यांचे. दर रविवारी काट्यावर ठेवायचे, दर रविवारी काही ग्रॅम कमी. दिसत होतं मला. तरी कातले, 400 नंबरच्या पॉलिशपेपरपर्यंत घासले, तेल पाजलं, पाठवून दिले.

महिन्याभरात फोन आला. टेबलावर डुगडुगतात.

15 च्या 15 परत आणले, त्यांचे पैसे फिरवले. दादा चिडला. "थोडं हललं तर काय झालं? हाताचं काम आहे म्हणून सांगायचं!" आमचं खरं भांडण या वाक्यावर आहे, आजही. हाताचं काम म्हणजे वेडंवाकडं चालतं, हे कुणी ठरवलं? मैत्रिणीला दिलेला वाडगा हलला तर ती हसेल. पैसे मोजलेल्या माणसानं का हसावं? पोटासाठी कातणारा कातारी टेबलखुर्चीचे एकसारखे शंभर पाय कातून देतो, त्याचा हात तसा बसलेला असतो. माझा नाही बसलेला, आणि मला बसवायचाही नाही.

किंमतीचं म्हणाल तर तास लिहून ठेवा. माझं पहिलं कातणं पाऊण तास, दुसरं तासभर, घासणं जवळपास तेवढंच. शिवाय पटाशीला धार लावायची, वाळताना तडकले ते सोडून द्यायचे. दादाच्या हिशेबात यातलं काहीही नव्हतं. आकडा काढा आणि तो तोंडानं सांगायची लाज वाटते का बघा. मला वाटली.

तरी मी अजिबात विकत नाही असं नाही. झालेलं, वाळलेलं, फडताळात पडून असलेलं कुणी मागितलं तर देते. ऑर्डर घेत नाही. आणि हे सगळं वाडग्यांचं. तुम्ही पेन किंवा लट्टू कातत असाल तर वाळका लहान तुकडा, एका बैठकीत काम संपतं, तिथे माझं ऐकू नका.

त्या 15 मधला एक दादानं मागून नेला, किल्ल्या ठेवायला. किल्ली टाकली की हलायचा. परवा बघितलं, त्यानं खाली कागदाची घडी सारली आहे.