फंडाची फाइल आणि दारावरून जाणारी पालखी

भाऊंनी निळी प्लास्टिकची फाइल टेबलावर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, एकच सांगा. पुरतील का?"

निवृत्तीनंतर पैसे पुरतील का, हा प्रश्न घेऊन येणारी माणसं मला नवीन नाहीत. पन्नाशी कधीच ओलांडलेली, नोकरीची एक-दोन वर्षं उरलेली, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणारी. गुंतवणुकीचा सल्ला देणं माझं काम नाही, मी कुटुंबांशी बोलणारी समुपदेशक आहे. तरी ती येतात, कारण बँकेतून आणि एजंटकडून सगळे आकडे घेऊनही जाग यायची थांबत नाही. त्यातल्याच एका जोडप्याची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना भाऊ आणि वहिनीच म्हणते, समोरही तसंच म्हणत असे.

भाऊ सत्तावन्न वर्षांचे. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी कारखान्यात मेंटेनन्सला, एकतीस वर्षं. अठ्ठावन्नला निवृत्ती. वहिनी घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, महिन्याला पाचेक हजार सुटतात. कर्ज फिटलेलं रो-हाउस. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात नोकरीला, तिथे फ्लॅट बघतोय.

फाइल नीट लावलेली होती. प्रॉव्हिडंट फंडात २६ लाख. ग्रॅच्युइटी ६ लाख ८० हजार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३८ हजार, त्याला २६ ने भागून १५ दिवसांचे, गुणिले ३१ वर्षं, हा हिशेब त्यांनी स्वतः पेन्सिलने केला होता आणि तो बरोबर होता. बँकेत ठेवी ९ लाख. सगळं मिळून बेचाळीस लाखांच्या जरा आत. पेन्शनच्या कागदावर मात्र लाल पेनाने गोल होता. महिना ४,४०० रुपये.

"एकतीस वर्षांचे एवढेच," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, शरम होती. त्याचं मला वाईट वाटलं. खासगी नोकरीतल्या लाखो लोकांना हा धक्का अगदी शेवटच्या वर्षी बसतो. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन मोजायला पूर्ण पगार धरत नाहीत, त्याला मर्यादा आहे. ती बरीच वर्षं ६,५०० रुपये होती, सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार झाली. पगार कितीही असला तरी बहुतेकांचा हिशेब त्या मर्यादेवरच होतो. यात भाऊंचं काही चुकलं नव्हतं, आणि हे त्यांना कोणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं. मी सांगितलं. त्यांनी फाइलवरचे हात काढले.

मग दुसरी गोष्ट बाहेर आली. पंधरा लाख मुलाच्या फ्लॅटला द्यायचे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते गेल्यावर खड्डा पडतो हेही त्यांना दिसत होतं, म्हणून कारखान्याशी बोलणं करून ठेवलं होतं. निवृत्तीनंतर तिथेच कॉन्ट्रॅक्टवर, बारा तासांची पाळी, महिना २८ हजार, पासष्टपर्यंत.

"आणि पासष्टनंतर?"

"मग आरामच आहे की."

वहिनी तोवर गप्प होत्या. त्यांनी खाली बघतच विचारलं, "मग माझे गुडघे तोवर थांबतील का?"

ते वाक्य भाऊंना लागलं, पण कळलं नाही. कळायला पुढचे दोन महिने गेले.

मी दोघांना एकेक वही दिली. एकमेकांना न दाखवता, निवृत्तीनंतरचा एक महिना लिहून काढा म्हटलं. खर्चाचा नाही, दिवसांचा. सकाळी उठल्यापासून काय काय होईल, त्यातलं कशाला पैसे लागतील. "पुरतील का" याचं उत्तर "कशाला" हे ठरल्याशिवाय देता येत नाही, म्हणून मी सुरुवात नेहमी इथून करते.

भाऊंच्या वहीत किराणा, गॅस, वीजबिल, घरपट्टी, साखरेच्या गोळ्या, आहेर, मोबाइल असं सगळं होतं. बेरीज ३१ हजार. महिना मात्र कोराच. "सकाळी चहा, पेपर" एवढं लिहून पुढे काही नव्हतं.

वहिनींच्या वहीत पैशाचा आकडा फक्त एकच होता. त्यांनी लिहिलं होतं, की त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात निघते आणि सातपूरवरूनच जाते. लग्न होऊन या घरात आल्यापासून दरवर्षी त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, वारकऱ्यांना चहा देतात, पालखी नजरेआड झाली की घरी येऊन मशीनवर बसतात. एकदा तिच्या मागे चालायचं होतं. पंढरपूरपर्यंत नाही जमलं तर निदान सिन्नरपर्यंत. त्यासाठी शिलाईतून आरडी चालू होती, त्यात १८ हजार साठले होते. भाऊंना आरडी माहीत नव्हती आणि चालायचं माहीत नव्हतं.

"कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुमची पाळी असायची."

मला ती खोली अजून आठवते. दोघं भांडले असते तर माझं काम सोपं झालं असतं. भाऊ नुसते वहीकडे बघत बसले.

दरवर्षी ते पी.एल., म्हणजे हक्काची भरपगारी रजा, विकायचे. रजा घेण्यापेक्षा रजेचे पैसे घ्यायचे, त्यातून मुलांच्या फिया निघाल्या, घराचं वरचं बांधकाम निघालं. त्या वयात ते शहाणपणाचंच होतं, त्याला नाव ठेवायचं मला कारण नाही. पण ती सवय फिया संपल्यावरही संपली नाही. साठ ते सत्तर आणि सत्तर ते ऐंशी ही दोन्ही दहाच वर्षं, तरी एकसारखी नसतात. पैसा ठेवीत टाकला की वाढतो, गुडघे ठेवीत टाकता येत नाहीत. लोक निवृत्तीच्या हिशेबात वर्षं मोजतात आणि सगळी वर्षं एका भावाने धरतात. मी इतक्या घरांत बघितलं आहे, की हिंडण्या-फिरण्याचा खर्च पहिल्या आठ-दहा वर्षांत होतो, पुढे तो आपोआप कमी होतो आणि दवाखान्याचा वाढतो. म्हणून पहिल्या वर्षांसाठी जास्त काढून ठेवणं ही मी उधळपट्टी मानत नाही.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. भाऊंना मी गृहपाठ दिला, एक सुट्टी काहीही काम न करता घालवा आणि काय वाटलं ते सांगा. पुढच्या वेळी ते कबुलीजबाबासारखे म्हणाले, "नाही जमलं. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर उघडली. मग समोरच्यांचा पंखा." मी समजुतीच्या सुरात बोलायला लागले, की कामाची इतकी सवय लागते, हळूहळू सुटेल वगैरे. वहिनींनी मला थांबवलं. "ताई, हे मोटर उघडून बसले ना की गुणगुणतात. कंपनीतून आल्यावर कधी गुणगुणत नाहीत."

मी काम एका बाजूला आणि आनंद दुसऱ्या बाजूला मांडून बसले होते, भाऊंच्या बाबतीत ती मांडणीच खोटी होती. त्यांना नको होती ती रात्रपाळी, सायरन आणि ब्रेकडाउन झाला की खिशातला फोन. हातात पाना असणं त्यांना हवंच होतं. त्यानंतर काम सोडायचं की नाही हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. कोणाचं, किती वेळ आणि कोणत्या अटीवर, यावर बोलायला लागलो.

मुलाला बोलवायला भाऊ तयार नव्हते. बापाने पोराला पैसे कमी पडतात हे कसं सांगायचं. शेवटी वहिनींनीच फोन केला. मुलगा आला, आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून भाऊ अवाक झाले. पंधरा लाख त्याने मागितलेच नव्हते. त्याने फक्त फ्लॅटची किंमत सांगितली होती, भाऊच म्हणाले होते, "पंधराचं मी बघतो."

"पप्पा, मला वाटलं तुमच्याकडे तेवढे जास्तीचे आहेत. फंडात किती आहेत ते तुम्ही कधी सांगितलंच नाही."

आपल्याकडे मुलांना बापाचा पगार माहीत नसतो आणि फंड तर नसतोच. मुलाच्या घराला हातभार लावावा, जरूर लावावा. पण म्हातारपणीच्या पैशातून तो लावायचा तर मुलाला आधी ती फाइल दाखवावी, असं माझं ठाम मत आहे. फाइल बघितल्यावर मुलाने स्वतःच आकडा पाचावर आणला आणि घराचा शोध एक खोली कमी करून चालू ठेवला. तो थोडा खट्टू झाला, हे खरं. त्याची बायको जास्त झाली असावी. ते पूर्ण निवळलं आहे असं मी म्हणणार नाही.

पुढचा हिशेब मी त्यांना सेबीकडे नोंदणी असलेल्या, कमिशनऐवजी फी घेणाऱ्या सल्लागाराकडे करायला पाठवलं. मधल्या काळात एक ओळखीचा एजंट ग्रॅच्युइटीचे पैसे एकरकमी विमा पॉलिसीत टाका म्हणून दोनदा घरी येऊन गेला होता, म्हणून ही घाई. सल्लागाराने काय केलं ते भाऊंनी मला वहीत लिहून आणून दाखवलं. पंधरा लाख दिले असते तर उरले असते २६ लाख ८० हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात, त्याचे महिन्याला सव्वाअठरा हजार. त्यात पेन्शन आणि शिलाई धरूनही ३१ हजारांचा महिना भरत नव्हता आणि दवाखान्याला हाताशी काहीच नव्हतं. म्हणजे कॉन्ट्रॅक्टची बारा तासांची पाळी घरखर्चासाठी वाटत होती, ती खरी फ्लॅटसाठी होती. हे त्यांच्या तोंडून आलं, मी नाही सांगितलं.

पाचच लाख दिले तर ३६ लाख ८० हजार उरतात. त्या योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एरवी साठी पूर्ण लागते, पण नोकरीतून निवृत्त झालेल्याला पंचावन्ननंतरही निवृत्तीचे पैसे त्यात ठेवता येतात. पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं, एवढी तारीख पाळावी लागते. दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज, म्हणजे महिना साडेवीस हजार. पेन्शन आणि शिलाई मिळून तीस हजारांच्या जवळ. उरलेल्या ६ लाख ८० हजारांतले चार दवाखान्यासाठी बाजूला, बाकीचे पहिल्या काही वर्षांच्या हिंडण्याला. त्या ओळीसमोर भाऊंनी खोडरबर बराच चालवलेला दिसत होता.

यात एक अडचण उरतेच. व्याज तेवढंच राहतं आणि भाव वाढतात. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत ३१ हजारांचे ६२ हजार होतात. म्हणून काम. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत छोट्या वर्कशॉपवाल्यांकडे मेंटेनन्सचा माणूस नसतो, मशीन बंद पडलं की ते भाऊंना आत्ताही फोन करतात. आठवड्यातले तीन दिवस, दिवसा, साठी ओलांडेपर्यंत तरी. त्यातून येतील ते दहा-बारा हजार घरात खर्च करायचे नाहीत, पुढच्या महागाईसाठी वाढत ठेवायचे. वरची खोली भाड्याने द्यायचा विषयही निघाला होता. वहिनींना तो आवडला नाही, सत्तरीनंतर बघू म्हणून सोडून दिला.

एक गोष्ट मात्र मी लगेच करायला लावली. कारखान्याचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि भाऊंना साखर आहे. निवृत्त झाल्यावर पॉलिसी घेतली असती तर ती वर्षं नेमकी उघड्यावर गेली असती. आत्ता घेतली म्हणजे मोजणी आत्तापासून सुरू झाली. हे करायला नोकरी संपायची वाट बघू नये, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

ज्येष्ठ आला. भाऊंनी चार दिवसांची पी.एल. टाकली, आणि ऑफिसमधल्या मुलाने दोनदा विचारलं म्हणे, विकायची ना? दोघं सातपूरहून पालखीबरोबर निघाले. वाटेतल्या पळसे गावापर्यंत वहिनी छान चालल्या. पुढे गुडघा सुजला, सिन्नरला पोचल्या तेव्हा भाऊंच्या खांद्यावर हात होता. तिथून एसटीने परत. वहिनींचं अर्धं तिकीट, भाऊंचं पूर्ण. दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला, तो आठवड्याला तीन दिवस चालणाऱ्या फिजिओथेरपीचा खर्च कोणत्या सदरात लिहायचा हे विचारायला. दवाखान्याच्या की हिंडण्याच्या? मी म्हटलं, वहिनींना विचारा. मागून वहिनींचा आवाज आला, "वारीत लिहा."

कारखान्याचा कॉन्ट्रॅक्टचा कागद अजून त्या निळ्या फाइलमध्येच आहे. भाऊंनी बारा तासांऐवजी दिवसाची पाळी आणि आठवड्याला तीन दिवस मागितले आहेत. उत्तर आलेलं नाही. अंबडच्या दोन वर्कशॉपवाल्यांनी मात्र होकार कळवला आहे, आणि भाऊंनी जुन्या पान्यांची पेटी धुऊन, तेल लावून ओट्यावर वाळत ठेवली आहे.