गाडीतला मुक्काम आणि माहितीपटाचा व्यवसाय: दोन्ही एकत्र निभावताना

पुण्यातील जाहिरातपटांच्या संकलनाची नोकरी सोडून, डिझेल व्हॅनमध्ये राहण्याची सोय करून घ्यावी आणि वर्षभर हिमालयात फिरत माहितीपट करावा, असा आपला विचार आहे. हे जमेल का आणि यावर पुढचा व्यवसाय उभा राहील का, असे आपण विचारले आहे. जमेल, हे नक्की. व्यवसायाचे मात्र आपण कुठे आणि किती काळ थांबता यावर ठरेल.

प्रवास आणि चित्रीकरण या दोन्ही कामांना दिवसाचे तेच तास हवे असतात. हिमाचल प्रदेशात ग्रांफूहून बातल व कुंजुम खिंडीमार्गे स्पिती खोऱ्यातल्या काझाला जाणारा रस्ता घ्या. या वाटेवरच्या नाल्यांना वरच्या बर्फाचे पाणी येते. सकाळी जिथून गाडी सहज निघते, तिथे ऊन चढल्यावर पाणी वाढते, तळाचे धोंडे दिसेनासे होतात आणि पलीकडे ट्रकांची रांग लागते, म्हणून जाणता चालक पहाटेच निघतो. पण कॅमेऱ्याला हवा असलेला तिरपा उजेडही त्याच वेळी असतो. भर दुपारी ती दरी पांढरीफटक दिसते. त्यामुळे प्रवासाचे दिवस आणि चित्रीकरणाचे दिवस वेगळे ठेवावेत, आणि प्रवासाच्या दिवशी कॅमेरा बॅगेतून बाहेर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज थोडे फिरू आणि रोज थोडे चित्रित करू, असे ठरवणाऱ्यांकडे वर्षाअखेर हलत्या काचेतून टिपलेली डोंगरांची दृश्ये तेवढी उरतात.

गाडीचा खरा उपयोग फिरण्यापेक्षा तळ ठोकण्यासाठी होतो. स्पितीत हिरवा वाटाणा हे नगदी पीक आहे. तोडणीच्या दिवसांत गावात कोणालाही बोलायला सवड नसते, आणि पोती ट्रकमध्ये चढल्यावर तीच माणसे निवांत बसून भाव, पाणी आणि बाहेरगावी शिकणारी मुले यांविषयी बोलतात. लॉजवर दिवसाला पैसे मोजणारा तोवर परतलेला असतो. गाडीत राहणाऱ्याला ती वाट पाहणे परवडते. म्हणून वर्षभरात सगळा हिमालय पाहण्यापेक्षा एक खोरे आणि एक हंगाम निवडावा. स्वतःच्या व्हॅनवरच माहितीपट करण्याचा मोहही टाळावा, कारण तसे व्हिडिओ यूट्यूबवर पोत्याने पडले आहेत.

विजेचा हिशेब आधी कागदावर मांडावा. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण 1,280 वॅट-अवर वीज देते. संकलनाचा लॅपटॉप 90 वॅट खात असेल, तर सहा तासांत त्यातले 540 संपतात आणि उरलेल्यात फ्रिज, दिवे व कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भागवाव्या लागतात. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास कायमची बिघडते, म्हणून ती गाडीच्या पोटाखाली न बसवता राहण्याच्या भागात बसवावी. व्हॅनमधील बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओकडे आरसीवर नोंदवून घ्यावेत आणि विमा कंपनीलाही कळवावेत. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा आडवा येतो.

साठवणुकीची बाब याहून नाजूक आहे. 400 मेगाबिट प्रतिसेकंद या दराने चित्रीकरण केल्यास मिनिटाला 3 जीबी, म्हणजे तासाला 180 जीबी लागतात. नेहमीच्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते, आणि अशा बहुतेक डिस्क साधारण 3,000 मीटर उंचीपर्यंतच चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. काझा त्याहून वर आहे. तेव्हा फिरता भाग नसलेली एसएसडीच घ्यावी, दोन प्रती ठेवाव्यात आणि तिसरी टपालाने घरी पाठवावी. थंडीतून उबदार गाडीत येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करावा आणि तासाभराने उघडावा. म्हणजे दव पिशवीवर धरते, काचेवर नाही.

परवानग्यांचे थोडक्यात सांगतो. स्पितीतील ताबोचा बौद्ध मठ इ. स. 996 मधील असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे; अशा वास्तूंमध्ये व्यावसायिक चित्रीकरणासाठी लेखी परवानगी लागते. सीमेलगत ड्रोन नेऊच नये.

आता पैशाविषयी. आपण संकलक आहात, ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. नोकरी सोडलीत तरी एक-दोन जुने ग्राहक हातचे सोडू नयेत. त्यांचे काम हिवाळ्यात खाली उतरल्यावर करता येते, आणि कुंजुम खिंड बर्फाने बंद होण्याच्या सुमारास आपल्यालाही खाली यावेच लागते. नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) भरतो. तिथे काही मिनिटांचे नीट संकलित दृश्य आणि प्रकल्पाचे टिपण घेऊन गेल्यास निर्माते व वाहिन्यांची माणसे भेटतात. मुंबईचा मिफ्फ हा महोत्सव 1990 पासून माहितीपटांना व्यासपीठ देत आला आहे. पहिल्या वर्षी कमाईची अपेक्षा ठेवू नका. सहनिर्माता मिळाला तरी पुष्कळ झाले.

पुढे देशाबाहेर जाण्याचा विचार असल्यास दोन वेगळी कागदपत्रे लागतात. गाडीसाठीचे कार्ने, म्हणजे आयात शुल्क न भरता ती तात्पुरती परदेशात नेण्याचे सीमाशुल्काचे कागदपत्र, मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे मिळते व त्यासाठी मोठी अनामत ठेवावी लागते. चित्रीकरणाच्या साहित्यासाठीचे तसेच कागदपत्र, एटीए कार्ने, फिक्की ही उद्योग संघटना देते. नेपाळला गाडीचे कार्ने लागत नाही, सीमेवर भन्सार, म्हणजे तिथले सीमाशुल्क, भरून काम होते, म्हणून सुरुवात तिथून करणे सोयीचे आहे. तिबेटमार्गे जायचे झाल्यास चीनमध्ये मार्गदर्शक सोबत घ्यावाच लागतो आणि मुक्काम आधीच ठरलेले असतात, म्हणजे मनाजोगे थांबणे तिथे जवळपास संपते. एटीए कार्नेच्या यादीतील प्रत्येक लेन्सचा अनुक्रमांक प्रत्यक्ष वस्तूशी पडताळून घ्यावा, आणि दोन्ही कार्नेंवर देश सोडताना बाहेर पडल्याचा शिक्का घेतल्याशिवाय सीमेवरून हलू नये; तो राहिला, तर आयात शुल्काची मागणी मागाहून घरपोच येते.