पोरं आजीकडे, आपण मरीन ड्राइव्हला

यावेळी पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावर, मुलांना घरी ठेवून दोघांनीच कुठे जायचं. वेगवेगळ्या घरांतून आलीयत पण सूर तोच, म्हणून यावेळी हाच विषय घेते.

प्रश्न : ताई, येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला १० वर्षं होतायत. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४ चा. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या की शनिवारी रात्री मी बघते दोघांना, तुम्ही जाऊन या कुठेतरी. नवऱ्याला लोणावळा हवंय, मला मुंबईत एखाद्या चांगल्या हॉटेलात राहून साउथ बॉम्बे फिरायचंय. तो म्हणतो रोज फोर्टलाच मरतो मी नोकरीला, सुट्टीत पण तिथेच काय? बजेट साधारण १५ हजार. कोण बरोबर? – घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तुम्ही बरोबर, आणि हे मी बाई म्हणून नाही सांगत. एकच रात्र मिळालीय, ती एक्सप्रेसवेवर खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे घालवायची का? शनिवारी सकाळी अख्खं ठाणं नि अख्खं पुणं लोणावळ्यालाच निघालेलं असतं, पोचेपर्यंत दोघं भांडलेले असतात, आणि मधेच घरून फोन आला की छोट्याला ताप भरलाय तर परत यायला पुन्हा तोच घाट. सीएसएमटी ते ठाणे फास्ट लोकलने पाऊण तास. ज्या आईला चार वर्षांचं पोर पहिल्यांदाच रात्रीसाठी सोडून जायचंय तिला तो पाऊण तास सगळ्यात मोठा आधार असतो, हे नवऱ्याला सांगा. आणि तो फोर्टला जातो म्हणजे काय करतो हो? ८.१२ पकडतो, मान खाली घालून ऑफिस गाठतो, संध्याकाळी मान खाली घालून परत. मान वर करून त्याने ते शहर कधी बघितलंय विचारा.

गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यात तासभर जातो आणि मूड जातो तो वेगळा. लोकलनेच जा, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्यालाच आली होती, तोच मार्ग उलटा पकडायचा. फर्स्ट क्लासचं तिकीट काढा, अकरानंतर निघा. उतरल्यावर स्टेशनच्या बाहेर येऊन रस्ता ओलांडा आणि मागे वळून त्या इमारतीकडे पाच मिनिटं नुसतं बघा, युनेस्कोच्या यादीत २००४ पासून आहे ती, आणि आपण रोज तिच्या पोटातून धावत बाहेर पडतो.

जेवायला बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया. १९२३ पासूनचं पारशी-इराणी हॉटेल, दुपारपुरतंच उघडं असतं म्हणून दीडच्या आत पोचा, रांग असेल तर उभे रहा. बेरी पुलाव आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. भाताबरोबर लागणाऱ्या त्या आंबट लाल बेरीसाठी लोक कुठून कुठून येतात.

मग हॉटेलवर जा आणि झोपा. हो, झोपा! चेक-इन बहुतेक ठिकाणी २ ला असतो. एसी लावायचा, पडदे ओढायचे आणि दोन तास कुणी "आई शीऽऽ" म्हणून उठवणार नाही याचा आनंद घ्यायचा. रोमँटिक वीकेंड म्हणजे मेणबत्त्या आणि गुलाबाच्या पाकळ्या असं रीलवाल्यांनी ठरवून टाकलंय, पण दोन पोरांच्या आईबापांना आधी झोप लागते, बाकी सगळं झोपेनंतर सुचतं.

साडेपाचला मरीन ड्राइव्ह. फेब्रुवारीत सूर्य साधारण साडेसहाच्या आसपास बुडतो. चौपाटीच्या बाजूला गर्दी असते, नरिमन पॉइंटकडे एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्राच्या टोकाला जागा मिळते. बसताना समुद्राकडे तोंड करून सगळेच बसतात, थोडा वेळ पाठ करून पण बसा, समोरच्या त्या गोलाकार बाल्कन्यांच्या बिल्डिंगा बघा, आर्ट डेको म्हणतात त्या धाटणीला, २०१८ मध्ये त्यांना पण युनेस्कोचा दर्जा मिळाला. नंतर चालत चर्चगेटला जाऊन के. रुस्तमचं आइस्क्रीम, दोन पातळ वेफरच्या मधे आइस्क्रीमची जाड वडी ठेवून कागदात देतात, पटापट खावं लागतं नाहीतर कोपरापर्यंत ओघळ येतो. मी पहिल्यांदा तिथे नवऱ्याबरोबर एकटी गेले तेव्हा सवयीने पर्समधून ओले टिश्यू काढले आणि शेजारच्या भल्या माणसाची हनुवटी पुसली. माझ्याच नवऱ्याची, घाबरू नका. पण त्यालाही काही वेगळं वाटलं नाही, त्याने मुकाट पुसून घेतली, आणि मग आम्ही दोघं तिथे फुटपाथवर वेड्यासारखे हसलो. रस्ता ओलांडताना त्याचा डावा हात आपोआप खाली जात होता, पोराचं मनगट पकडायला. मग मीच धरला तो.

रविवारी सकाळी साडेसहाला गेटवे. १९२४ साली बांधून पूर्ण झालेली ही कमान बिनगर्दीची बघायची तर हीच वेळ, आठनंतर एलिफंटाच्या बोटीवाले आणि फोटोवाले सुरू होतात. मग टॅक्सीने धोबीतलावला कयानी, १९०४ चं इराणी, बन मस्का आणि चहा, भूक असेल तर अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी. परत येऊन खोली सोडा, बॅग हॉटेलच्याच रिसेप्शनला ठेवतात, आणि काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते, आत जायला पैसे लागत नाहीत. चित्रातलं काही कळत नाही म्हणून लाजू नका, आम्हालाही नाही कळत, पण पोरं बरोबर असताना अशा ठिकाणी पाच मिनिटं शांत उभं राहता येतं का सांगा. बाहेर बिनस्वाराचा घोडा दिसेल तो २०१७ चा. मूळ घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता, त्याला १९६५ मध्ये हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. फेब्रुवारी म्हणताय म्हणून सांगते, काळा घोडा फेस्टिवलच्या तारखा आधी बघून घ्या. १९९९ पासून भरतोय, छान असतो, पण त्या वीकेंडला तिथली गर्दी म्हणजे संध्याकाळी सातचा ठाणे स्टेशनचा ब्रिज.

परतताना मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात तो, विसरू नका. रविवारी अकरा ते चारच्या दरम्यान सेंट्रलला माटुंगा-मुलुंड काहीतरी चालूच असतं, म्हणून पाचनंतरची गाडी धरा.

आता पैसे. खोली बघताना ७५०० हा आकडा लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्यावर गेलं की थेट १८. म्हणजे ७५०० ची खोली ७८७५ ला पडते आणि ७८०० ची ९२०४ ला! तीनशे रुपयांच्या फरकाला तेराशे जास्त, तेवढ्यात दोघांचं जेवण होतं. आणि सी व्ह्यूला भुलू नका. नऊ वर्षांपूर्वी आम्ही एका हॉटेलात सी व्ह्यू म्हणून जास्तीचे पैसे मोजले, खिडकी उघडली तर समोर शेजारच्या बिल्डिंगचे एसीचे डबे, त्यांच्या मधून रिबिनीएवढा समुद्र. नवरा म्हणाला व्ह्यू दिलाय, सी आपला आपण शोधायचा. बुक करायच्या आधी लोकांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलवाल्यांचे नकोत.

प्रश्न : गेल्या महिन्यात बायकोच्या वाढदिवसाला मुंबईत एक हॉटेल ऑनलाइन बुक केलं, पैसे भरले, काउंटरवर आधार दाखवलं तर म्हणाले लोकल आयडी चालत नाही. १२ वर्षं झाली लग्नाला, मुलगा पाचवीत आहे! लॉबीत सगळे बघत होते, बायको रडवेली झाली. असा काही कायदा आहे का? – नेरूळ

उत्तर : कायदा नाही. नवरा-बायकोलाच काय, लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्यालाही हॉटेलात खोली घ्यायला बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. ओळखपत्र बघणं, रजिस्टरमध्ये नोंद करणं हे त्यांना करावंच लागतं, पण जवळच्या पत्त्याचं चालणार नाही हा ज्याच्या त्याच्या हॉटेलचा नियम असतो. त्यांच्या डोक्यात गणित असं की घर नेरूळला असताना माणूस इथे खोली कशाला घेईल? घरात सासू, सासरे, पोर आणि वन बीएचके असतं म्हणून घेतो, पण हे त्यांना कोण सांगणार.

काउंटरवर भांडून रात्र वाया जाते म्हणून आधीच सावध व्हा. अ‍ॅपवर त्या हॉटेलच्या नियमांत खाली लोकल आयडीचं लिहिलेलं असतं, तिथे चालतो असं असेल तर स्क्रीनशॉट काढा. तरी हॉटेलला थेट फोन करा आणि आडपडदा न ठेवता विचारा, "आम्ही दोघं नवरा-बायको, आधार नवी मुंबईचं आहे, चालेल ना?" हो म्हणाले तर बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या. दोघांचीही ओळखपत्रं न्या, एकट्याचं पुरत नाही. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते बहुतेक जण घेत नाहीत. आणि आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, आधारच्या साइटवरून उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि तरी परत पाठवलं असेल तर अ‍ॅपकडे पूर्ण रिफंड मागा, सोडू नका. बायकोचा वाढदिवस मात्र राहिलाय अजून, तेवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्याकडे रात्री मुलीला ठेवायला कुणीच नाही. एक मैत्रीण रविवारी सकाळी ९ ते रात्री ८ बघते म्हणाली. तेवढ्यात काय होणार? – खारघर

उत्तर : पुष्कळ होतं, फक्त मुंबई गाठायचा हट्ट नको, हार्बरला पण रविवारी ब्लॉक असतोच. नोव्हेंबर ते मे मधला रविवार असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट निघते. भरती-ओहोटीवर वेळ ठरते म्हणून आधीच बुकिंग करून वेळ विचारून घ्या. बोटीत मोबाइल खिशात ठेवून गुलाबी पट्टा बघत बसायचं. नंतर निवांत मासे खा, चारची वेळ जमली तर वाशीला भावे नाट्यगृहात नाटक. पोर लहान असताना आपण नाटकाला जायचंच सोडून देतो, मधेच रडलं तर सगळं थिएटर आपल्याकडे बघतं म्हणून. आणि आठच्या ऐवजी साडेसातलाच घरी पोचा, म्हणजे मैत्रीण पुढच्या वेळी पण हो म्हणेल.

प्रश्न : सगळं ठरलं, बुकिंग झालं आणि आता सासूबाई म्हणतात, "जा जा, आम्हाला कुठे मिळालं होतं असं." जायचं की नाही? – वाशी

उत्तर : जायचं. "जा" दोनदा म्हणाल्यात ना, मग तो होकारच. पुढच्या वाक्यात रुसवा कमी आणि जुनी खंत जास्त आहे. त्यावर "तेव्हाचा काळ वेगळा होता" असलं काही बोलू नका, विचारा त्यांना की तुम्हाला कुठे जायचं होतं. माझ्या सासूबाईंनी चौपाटीची भेळ सांगितली होती. सांताक्रुझला बहिणीकडे जाता-येता लोकलमधून चर्नी रोडला नुसती दिसायची म्हणे, उतरायला कधी मिळालं नाही.

बाकी त्यांच्यावर कामाचा ढीग टाकून जाऊ नका. शनिवारी रात्रीचं जेवण बाहेरून मागवून द्या, फ्रिजवर एक कागद लावा, डॉक्टरांचा नंबर, तापाचं औषध किती, कोण कुठल्या पांघरुणाशिवाय झोपत नाही एवढंच. रात्री आठला एक फोन ठरवा, व्हिडिओ कॉल नको, चेहरा दिसला की छोटी पोरं भोकाड पसरतात. आणि चोरून निघू नका, सांगून निघा, एक झोप झाली की आई-बाबा आले, असं.

येताना कयानीचा मावा केक आणा. आजीचा वेगळ्या बॉक्समध्ये बांधून घ्या आणि पर्सच्या तळाशी ठेवा, नाहीतर पोरं दारातच संपवतात.